सर, दुकानच टाकायचं असतं तर...

आज दुपारी माझ्या सरांकडे गेले होते. टिळक रोडवरचं तेच क्लिनिक, तेच हिरव्या रेक्झिनचं फाटकं स्टूल. एमडीची तीन वर्षं यांच्या हाताखाली काढली. स्टेथो लावायच्या आधी पेशंटकडे नीट बघायचं असतं, हे यांनी शिकवलं. एमबीएच्या अर्जाला एक रेकमेंडेशन लेटर हवं होतं, म्हणून गेले. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि म्हणाले, "अगं, दुकान टाकायचं तर सरळ टाक ना. त्याला एमबीए कशाला?"

शेजारी बसलेला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, तोसुद्धा हसला.

मी चहा संपवला आणि निघाले. उत्तरं सुचली ती अलका चौकाच्या सिग्नलला, नेहमीसारखीच उशिरा. ती इथे लिहिते. सर फेसबुकवर नाहीत, त्यामुळे बिनधास्त.

मागच्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधीची गोष्ट. माझ्या वॉर्डात वेल्ह्याकडच्या एक आजी होत्या. न्यूमोनिया, पाच दिवस ॲडमिट. सकाळी दहाच्या राउंडला मी सांगितलं, "आजी, आज घरी." आजींनी लगेच नऊवारी नेसली, चपला पिशवीतून काढून पायात घातल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. चार वाजता मी सहज वॉर्डात डोकावले, तर आजी तशाच बसलेल्या. हातातली सुई अजून तिथेच, कारण बिल क्लिअर झाल्याशिवाय ती काढत नाहीत. वरच्या चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेली तारीखही घामानं पुसट झाली होती. मला बघून म्हणाल्या, "बाई, बरी झाले न्हवं मी? मंग सोडंनात का?"

शेवटी सुटल्या साडेसात वाजता. वेल्ह्याची एसटी गेलेली. मुलगा चाकणच्या कंपनीत, नाइट शिफ्ट बुडवून दिवसभर बिलिंग काउंटरसमोर उभा होता. त्याच्याच ग्रुप पॉलिसीत आईचं नाव होतं, म्हणून कॅशलेस. कॅशलेस म्हणजे पैसे नकोत, वेळ द्या.

तेव्हा मी सगळ्यांवर भडकले. टीपीएवर (विमा कंपनीच्या वतीनं बिलं तपासणारी एजन्सी), इन्शुरन्स डेस्कवर, फार्मसीवर. वॉर्डातून औषधं परत गेल्याशिवाय फायनल बिल होत नाही आणि ती परत न्यायला माणूस नाही. मग त्या फाइलचा प्रवास मी डिटेक्टिव्हसारखा शोधून काढला. डिस्चार्ज समरी साडेबाराला, कारण रेसिडेंट आयसीयूत. औषधं परत दीडला. बिल अडीचला. त्याच्या पुढचं मी मुद्दाम पोस्टच्या शेवटी सांगणार होते, पण आता सांगूनच टाकते. टीपीएची एक क्वेरी आली होती, अमुक इंजेक्शन का दिलं याचं दोन ओळींचं उत्तर आणि डॉक्टरची सही हवी. तो कागद दोन तास ओपीडीतल्या एका टेबलावर पडून होता. ते टेबल माझं होतं.

विमा नियामकानं २०२४ मध्ये नियम केलाय, की हॉस्पिटलनं डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत फायनल मंजुरी द्यायची. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलनं जास्तीचे पैसे लावले, तर ते विमा कंपनीनं भरायचे. छान नियम आहे. पण ते घड्याळ विनंती गेल्यावर सुरू होतं. त्याच्या आधीचे तास कुणाच्या खात्यावर? माझ्या. आमच्या.

आणि आम्ही काय म्हणतो? "ते ॲडमिनचं काम आहे, आपण डॉक्टर." हा जो सोवळेपणा आहे ना, त्याचा मला आता वीट आलाय. पैशाला हात लावायचा नाही, फाइलला हात लावायचा नाही, आणि रात्री बॅचच्या ग्रुपवर "हॉस्पिटलं कॉर्पोरेटनं गिळली" म्हणून रडायचं. गिळली कारण आपण ताट सरकवून दिलं! सरांच्या क्लिनिकखालच्या मेडिकलचं भाडं कोण घेतं हे विचारायची माझी हिंमत नाही, पण ते दुकान नाही आणि मी शिकले की दुकान?

बरं, आजी घरी गेल्यावर मी गप्प बसले नाही. माझ्या वॉर्डापुरतं ठरवलं, उद्या सुटणाऱ्यांची समरी आदल्या रात्री लिहायची, उरलेली औषधं रात्रीच परत पाठवायची. दोन आठवडे लोक दीड-दोनला घरी जायला लागले. सिस्टर खूश. मग फार्मसीनं कळवलं, रात्री रिटर्न घेणं आमच्या पॉलिसीत नाही. मी तावातावानं ऑपरेशन्सच्या मॅनेजरकडे गेले. सत्तावीस-अठ्ठावीसचा मुलगा, अगदी नम्र. म्हणाला, "मॅडम, कल्पना चांगली आहे, पण बिझनेस केस काय? ऑक्युपन्सी, म्हणजे किती बेड भरलेत, ती तर आपण रात्री बारालाच मोजतो."

म्हणजे आजी दोनला गेल्या काय आणि साडेसातला गेल्या काय, त्याच्या तक्त्यात काही हलत नाही.

मला माहीत होतं की त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत कुणीतरी बेडसाठी स्ट्रेचरवर ताटकळत असतं. रोज डोळ्यांनी बघते. पण ते त्याच्या भाषेत, आकड्यांत मांडता येईना. एमडी मेडिसिन, गोल्ड मेडल, आणि त्या पोरासमोर मी नुसती "अहो पण, अहो पण" करत उभी. त्या रात्री पहिल्यांदा जीमॅटचं, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचं, पुस्तक मागवलं.

(एकोणचाळिसाव्या वर्षी दोन नळ हौद भरतात आणि एक नळ रिकामा करतो ही गणितं सोडवतेय. आठवीतली लेक तपासते आणि "आई, सिली मिस्टेक" म्हणते. पण खरं सांगू, तो हौद म्हणजे माझा वॉर्डच आहे. वरून कॅज्युअल्टीचा नळ धो धो आणि खाली बोळा अडकलेला.)

सर म्हणाले, "बानूबाईंनी कुठं एमबीए केलं होतं?" नव्हतं केलं. डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये रास्ता पेठेतल्या केईएममध्ये आल्या, ते छोटंसं हॉस्पिटल त्यांनी केवढं वाढवलं, वढूसारख्या खेड्यापर्यंत नेलं, १९९३ मध्ये मॅगसेसे मिळालं. मदुराईच्या डॉ. व्यंकटस्वामींनीही नव्हतं केलं. सरकारी नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होऊन १९७६ मध्ये अकरा खाटांवर अरविंद हे डोळ्यांचं हॉस्पिटल सुरू केलं. एका टेबलावरचं मोतीबिंदूचं ऑपरेशन संपेपर्यंत शेजारच्या टेबलावर पुढचा पेशंट तयार, सर्जननं फक्त वळायचं. लेन्स परदेशातून महाग पडते, तर १९९२ पासून स्वतःच बनवायला घेतली. हे मॅनेजमेंट नाही तर काय आहे? पदवी नव्हती हे कबूल. पण मी काही बानूबाई नाही. मला शिकवावं लागेल.

आणि एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, आपल्याच पुण्यात, हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये एमडी करता येतं. ते केलेल्या कर्नलसमोर सर उभे राहून हात मिळवतात, मी स्वतः पाहिलंय. मुंबईत टिसला (टाटा इन्स्टिट्यूटला) हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन आहे. मला मात्र आरोग्याच्या बाहेरच्या लोकांबरोबर बसून शिकायचंय. चाकणच्या कारखान्यात एक पार्ट उशिरा आला तर लाइन थांबते आणि दहा जण धावतात. आमच्याकडे आख्खी बाई दहा तास थांबते आणि कुणी मानही वळवत नाही.

सरांचं एक खरं आहे. एमबीए करून आलेले काही डॉक्टर पुन्हा पेशंटकडे ढुंकून बघत नाहीत. मीटिंगमध्ये "ओपीडीचं कन्व्हर्जन" म्हणतात, म्हणजे शंभर आले त्यातले किती ॲडमिट केले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मळमळलं होतं. मीही दोन वर्षांनी तो शब्द तोंड वाकडं न करता म्हणेन का? माहीत नाही. ही भीती सरांना सांगणार होते, तेवढ्यात ते दुकान मध्ये आलं.

फीचं विचारू नका. मोठ्या संस्थांत एका वर्षाच्या कोर्सला तीस-चाळीस लाखांच्या घरात जाते. नवऱ्यानं एक्सेल शीट काढली, गृहकर्जाच्या शेजारी ती रक्कम टाकली आणि न बोलता लॅपटॉप मिटला. सासूबाई म्हणाल्या, "अजून किती शिकणार?" हे त्या मी एमडी करतानाही म्हणाल्या होत्या, त्यामुळे मनावर घेतलं नाही.

लिहिता लिहिता राग उतरला, काय करू. सर ऐंशीला टेकलेत. शंभर रुपयांत अजून पेशंट बघतात, कित्येकांकडून तेही घेत नाहीत. त्यांच्याकडे बिलच नाही, म्हणून बिलासाठी कुणी अडकतही नाही. तसं करता आलं असतं तर मीही तेच केलं असतं. पण व्हेंटिलेटर शंभर रुपयांत चालत नाही, सर.

आता साडेअकरा वाजलेत. अर्जात एक चौकट आहे, "एमबीए का करायचंय", तीनशे शब्द, इंग्रजीत. तासभर त्या चौकटीत "बरी झाले न्हवं मी? मंग सोडंनात का?" बसवायचा प्रयत्न करतेय. बसत नाहीये.

उद्या वॉर्डात दोन डिस्चार्ज आहेत. रेसिडेंटला आत्ताच मेसेज केला, समरी रात्रीच लिहून ठेव आणि टीपीएचा काही कागद आला तर माझ्या टेबलावर ठेवू नकोस, हातात दे. त्यानं अंगठा पाठवलाय. बघू.