खालून रंग मारून वरची गळती थांबत नाही हो!

आज परत तेच. सकाळी पोळ्या लाटत होते आणि आतून आईची हाक, "अगं, कपाटावर पाणी पडतंय बघ". धावत जाऊन बघते तर दिवाळीआधी अठरा हजार देऊन रंगवून घेतलेल्या छताला परातीएवढा पिवळा डाग, मधोमध पुट्टीचा फुगा आलेला, बोट लावलं तर ओला पोपडा हातातच आला. कपाटाच्या वरच्या खणात आईची पैठणी होती, तिच्या लग्नातली, मलमलीत गुंडाळून ठेवलेली. काठावर काळी बुरशी. आई एक शब्द बोलली नाही, साडी उचलून गॅलरीत सावलीत पसरायला घेऊन गेली. मला तेव्हापासून जो राग आलाय तो अजून उतरत नाहीये.

एप्रिल चालू आहे. डोंबिवलीत पावसाचा पत्ता नाही. म्हणजे हे पाणी गच्चीचं नाही, बाहेरच्या भिंतीचं नाही, हे सरळसरळ वरच्या बाथरूमचं पाणी आहे, डागसुद्धा बाथरूमच्या भिंतीला लागूनच आहे. पण चार वर्षं झाली, हे एवढंसं कोणी कबूल करायला तयार नाही.

वरच्यांनी चार वर्षांपूर्वी बाथरूम "नवीन" केलं. नवीन म्हणजे काय तर जुन्या टाइल्स न काढता त्याच्यावरच दुसऱ्या टाइल्स चिकटवल्या, कारण तोडफोड केली की खर्च वाढतो आणि आठ दिवस बाथरूम बंद. गीझरचा पॉइंट हलवायला भिंतीला हातोडे मात्र घातले. फरशीची लेव्हल वर आली, जुना न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं जाळीखालचं भांडं, खालीच राहिला, त्याच्या कडेने जी फट राहिली तिथून पाणी दोन टाइल्सच्या मधे उतरतं, मग जुन्या कोब्यात, म्हणजे टाइल्सखालच्या विटा-सिमेंटच्या थरात, मुरतं, कोबा स्पंजसारखा भिजून बसतो आणि मग माझ्या डोक्यावर टपकतो. मी वर गेले की काकू म्हणतात "आमच्याकडे सगळं कोरडं आहे, तुम्हीच बघा". अहो काकू, तुमच्याकडे कोरडंच असणार ना, पाणी खाली जातं!

आणि सेक्रेटरी साहेब. पहिल्या वर्षी म्हणाले बघतो. दुसऱ्या वर्षी म्हणाले तुम्ही आपसात मिटवा. तिसऱ्या वर्षी म्हणाले सोसायटीकडे फंड नाही. फंड मागितला कोणी? आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे हाउसिंग सोसायट्यांच्या नियमावलीत, स्पष्ट आहे, गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून, कॉमन पाइपातून गळती असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास बाथरूम सिंकमुळे असेल तर त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने. म्हणजे मला सोसायटीचा एक रुपया नको होता, मला फक्त त्यांनी वरच्यांना लेखी नोटीस द्यायला हवी होती. एक कागद. तो चार वर्षांत निघाला नाही.

सगळ्यात जास्त राग मला त्या कॉन्ट्रॅक्टरांचा येतो, कारण काका-काकूंना यातलं कळत नाही असं एकवेळ धरून चालू, पण यांना कळतं. पहिला आला, ओल्या छतावर पुट्टी आणि दोन हात ऑइलपेंट मारून गेला, तीन महिन्यांत पोपडे. दुसरा आला, म्हणाला मॅडम केमिकल इंजेक्शन करू, खालून स्लॅबला ड्रिल मारून नळ्या बसवल्या, पस्तीस हजार घेतले, गळती थांबली, मी देवापुढे साखर ठेवली, आणि महिन्याभराने पाणी हॉलच्या पंख्याच्या हुकातून यायला लागलं. वायरिंगमधून पाणी, घरात म्हातारी आई! अख्खी रात्र मेन स्विच बंद करून बसलो. पाण्याला एक वाट बंद केली की ते दुसरी शोधतं, हे त्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि बंबाचं बिल मात्र माझ्या नावावर. यंदाचा अठरा हजारांचा रंग तिसऱ्याचा, त्याची गत आज बघितलीच.

हे फक्त डागाचं प्रकरण असतं तर मी गप्प बसले असते. स्लॅबमध्ये पाणी मुरत राहिलं की आतल्या सळया गंजतात, गंजलेली सळई फुगते, फुगली की खालचं काँक्रीट ढकलून पाडते. आमच्या बाथरूमच्या छताचा वीतभर तुकडा फेब्रुवारीत पडला, आत लालभडक सळई दिसतेय. उद्या तो कोणाच्या डोक्यात पडला तर?

म्हणून जे या सगळ्यात अडकलेत त्यांना हात जोडून सांगते, रंगावर पैसे घालायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. वरचे चार दिवस गावाला गेले आणि त्यांचा पाण्याचा मेन कॉक बंद असताना गळती कमी झाली, आणि कॉक उघडल्यावर कोणी नळ न वापरताही सुरू झाली, तर भिंतीतला प्रेशरचा पाइप फुटलाय. फक्त आंघोळी झाल्यावर काही वेळाने वाढत असेल तर फरशी किंवा ट्रॅप. ट्रॅपमध्ये फडकं कोंबून बाथरूममध्ये दोन इंच पाणी दिवसभर तुंबवून ठेवा, त्यात खायचा रंग टाका, खाली रंग आला की वाद संपला. आणि काम वरूनच करून घ्यायचं, टाइल्स काढून, जुना कोबा काढून, पाइप आणि ट्रॅप नवीन, मग वॉटरप्रूफिंग, कोपऱ्यात वाटा म्हणजे भिंत-फरशीच्या सांध्यात सिमेंटची गोलाई, आणि टाइल्स लावायच्या आधी परत पाणी भरून निदान दोन दिवस ठेवून खालून बघायचं. हे दोन दिवस प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर खातो. खाऊ देऊ नका.

रीसेलचा फ्लॅट घेणार असाल तर जुलैत बघा, आम्ही मार्चमध्ये बघितला होता. एकाच खोलीला ताजा रंग असेल तर का ते विचारा, बाथरूमला फॉल्स सीलिंग असेल तर झाकण उघडून टॉर्च मारा, खालच्या फ्लॅटवाल्यांची बेल वाजवा, कारण तुमच्या बाथरूममधून त्यांच्याकडे गळत असेल तर ते लचांड खरेदीखताबरोबर तुमच्या गळ्यात. आणि नवीन बिल्डिंगवाल्यांनो, रेराच्या, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याच्या, कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत कामातला दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. माझ्या मावसभावाने दीड वर्ष नुसते साइटवरच्या माणसाला फोन केले आणि पाच वर्षं उलटून गेली. लेखी द्या, तारीख टाकून द्या!

मी पण चार वर्षं तोंडीच बोलत राहिले, शेजारधर्म म्हणून, काकू चिडतील म्हणून. आता नाही. फोटो काढलेत, सळईचा, पंख्याचा, पैठणीचा. उद्या सोसायटीला अर्ज देणार आणि त्यावर सही-शिक्क्याची पोच घेणार, पोच दिली नाही तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवणार. रविवारी प्लंबर घेऊन वर जाणार पाणी तुंबवायला. दार उघडलं नाही तर सहकार न्यायालयात जाणार, गळतीचे वाद तिथे चालतात, वकिलाशी बोलून झालंय. पैठणी अजून गॅलरीतच आहे. वास जात नाहीये.