विषय: अभ्यासक्रम बंद करण्यास मान्यता मिळणेबाबत

डोकं तापलेलं असताना लिहितेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आज विद्याशाखेची बैठक होती. कार्यसूचीवरचे अकरा विषय संपले, निम्मे सदस्य घड्याळाकडे आणि उरलेले फोनकडे बघायला लागले, आणि मग ‘ऐनवेळचे विषय’ निघाले. त्यात एक पानी टिपणी. ‘पदव्युत्तर भूगोल अभ्यासक्रमास विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अत्यल्प असल्याने सदर अभ्यासक्रम आगामी शैक्षणिक वर्षापासून बंद करण्यास मान्यता मिळणेबाबत.’ पानाच्या तळाशी ‘चर्चेअंती सर्वानुमते’ आधीच टाइप करून आणलेलं. चर्चा अजून व्हायची होती, बरं का.

मी त्याच विभागातून एम.ए. केलं. तीस वर्षं होऊन गेली. पहिल्या वर्षी आम्ही चौघं होतो. दुसऱ्या वर्षी मानचित्रशास्त्राच्या, म्हणजे नकाशे काढायच्या शास्त्राच्या, पेपरला मी एकटी. आमचे सर वर्गात यायचे, मस्टर उघडायचे, चष्मा लावायचे आणि विचारायचे, “रोल नंबर एक?” मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेली. पहिल्या दिवशी मला हसू आलं. सर हसले नाहीत. पेन उघडून थांबून राहिले. शेवटी मी म्हटलं, “हजर.” मग त्यांनी खूण केली, मस्टर मिटलं आणि समोर साठ जणांचा वर्ग असावा तसं शिकवायला सुरुवात केली. फळ्यावर तारीखसुद्धा लिहायचे.

‘प्रतिसाद अत्यल्प’ वाचलं आणि मला ते मस्टर आठवलं. अत्यल्प म्हणजे मी.

आता कुणीतरी म्हणेलच, की एका पोरीसाठी चार-चार प्राध्यापकांचे पगार द्यायचे का? प्रश्न चुकीचा नाही. पुढे.

चुकीचं आहे ते टिपणीतलं गणित. विद्यार्थी कमी म्हणून विभाग बंद, असं त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात झालं ते असं. एक प्राध्यापक निवृत्त झाले, पद भरलं नाही. दुसरे निवृत्त झाले, तेही नाही. मग तासिका तत्त्वावरची दोन मुलं आली. बिचारी चांगली शिकवायची, पण दर वर्षी नवी. शिकवणारे नाहीत म्हणून ऐच्छिक पेपर कमी झाले, ऐच्छिक पेपर नाहीत म्हणून बाहेरची मुलं यायची थांबली. एका वर्षी तर प्रवेशाच्या जाहिरातीत विषयाचं नावच राहून गेलं. ‘अनवधानाने’! आणि आता तेच आकडे तक्त्यात मांडून विचारतात, बघा, कोण येतंय? रोपाला चार वर्षं पाणी घालायचं नाही आणि मग वाळलं म्हणून उपटायला परवानगी मागायची. परवानगीसुद्धा कशी, तर रीतसर. विभाग, अभ्यासमंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद. पाच ठिकाणी सह्या, आणि पाचही ठिकाणी प्रत्येकजण म्हणणार, आम्ही फक्त शिफारस केली.

हवाई छायाचित्रं बघायचं एक यंत्र असतं, स्टिरिओस्कोप. एकाच जागेचे, विमानातून थोड्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे. डावा डोळा डाव्या फोटोवर, उजवा उजव्यावर. जमलं की सपाट कागदातून डोंगर अक्षरशः वर उठतो. पण फोटोंची अदलाबदल झाली, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला, की उलटं होतं. डोंगराची दरी दिसते आणि दरीचा डोंगर. फोटो खरेच असतात, फक्त जागा चुकलेल्या. ही टिपणी अगदी तशी आहे. प्रत्येक आकडा खरा. कारण तेवढं परिणामाच्या जागी ठेवलंय आणि परिणाम कारणाच्या.

मला ते यंत्र जमत नव्हतं. सलग तीन दिवस. दोन करड्या फोटोंपलीकडे काही दिसायचं नाही. सर बाजूला पुस्तक घेऊन बसायचे. मधूनच विचारायचे, “दिसला?”
“नाही सर.”
“बरं. बघ.”
एवढंच. ना चिडणं, ना ‘अगं सोपं आहे’. तास संपायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा रोल नंबर एक, हजर, आणि पुन्हा तेच. वर्गात साठ जण असते तर त्यांनी मला पुढच्या मुलीची वही बघून उतरवायला सांगितलं असतं. त्यांना नाइलाजच झाला असता. पदव्युत्तर शिक्षण म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मला ती तीन दिवसांची वाट बघणं आठवतं. त्याचा रकाना टिपणीत नाही. प्रति विद्यार्थी खर्चाचा आहे.

भूगोल काय, सगळं फोनवर तर असतं, असं आज एकजण म्हणाले. (नाव लिहीत नाही, माझ्या मित्रयादीत आहेत.) साहेब, ते फोनवर आलं कुठून? हार्वर्डची गोष्ट ऐका. १९४८ मध्ये हार्वर्डने आपला भूगोलाचा कार्यक्रम गुंडाळला. तिथल्या अध्यक्षांना, जेम्स कोनंट यांना, हा विषय विद्यापीठात असावा असंच वाटत नव्हतं. बरं, पुढे? १९६५ मध्ये त्याच हार्वर्डमध्ये हॉवर्ड फिशर नावाच्या वास्तुविशारदाने संगणकावर नकाशे काढायची प्रयोगशाळा सुरू केली. वास्तुरचना शिकवणाऱ्या विभागाच्या छपराखाली, कारण भूगोलाचं घर उरलंच नव्हतं. तिथे काम केलेल्या जॅक डेंजरमंडने १९६९ मध्ये एझरी ही कंपनी काढली. आज ठिकठिकाणच्या सरकारी कचेऱ्यांत नकाशांचं काम तिच्या सॉफ्टवेअरवर चालतं. आणि २००६ मध्ये हार्वर्डने भौगोलिक विश्लेषणाचं स्वतंत्र केंद्र काढलं. अठ्ठावन्न वर्षं लागली! विभाग मात्र अजून परत आलेला नाही.

त्यांनाच कशाला बोलायचं. शिकागो विद्यापीठाचा भूगोल विभाग १९०३ चा, अमेरिकेतला पदव्युत्तर भूगोलाचा पहिला विभाग. १९८६ मध्ये त्याचा विभाग म्हणून दर्जा काढून त्याची समिती केली. त्याआधी मिशिगनने १९८२ मध्ये आपला विभाग मोडला. म्हणजे हे दुखणं एकट्या आमच्या विद्यापीठाचं नाही, मान्य. उलट त्याचाच जास्त राग येतो. एवढ्या मोठमोठ्यांनी करून झालेली चूक आपण आता करतोय, आणि ‘काळाची गरज’ म्हणून.

हो, काही अभ्यासक्रम बंद व्हायलाच हवेत. कुणाच्या तरी हौसेखातर काढलेले, नाव भारी आणि आत काही नाही असले. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी तसल्या एका अभ्यासक्रमाच्या बाजूने, म्हणजे तो बंद करायच्या बाजूने, हातभर लांब भाषण केलं होतं. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. तिथेही कुणाचा रोल नंबर एक असेल, हे आज मनात आलं. असो.

टिपणीत दुसरी ओळ आहे, ‘सद्यःस्थितीत प्रवेशित विद्यार्थ्यांचे नुकसान होणार नाही याची दक्षता घेण्यात येईल.’ ही ओळ प्रत्येक अशा प्रस्तावात असते. कशी घेणार दक्षता? आधी नवे प्रवेश थांबतात, आत असलेली मुलं पुढे सरकत राहतात, हे ठीक. पण ज्याचा एक पेपर राहिलाय त्याच्यासाठी अजून किती वेळा परीक्षा घेणार? त्याची प्रश्नपत्रिका कोण काढणार, शेजारच्या विभागातले? पीएच.डी.च्या मुलीचे मार्गदर्शक दुसरीकडे गेले तर तिने काय करायचं? तिच्या अर्ध्या प्रबंधाला कोण वाली? हे मी विचारायला हवं होतं.

विचारलं नाही.

हे लिहायचं नव्हतं मला. पण वर एवढी गुरगुरले आहे तर आता लपवून काय उपयोग. मी बैठकीत एक शब्द बोलले नाही. विषय वाचला गेला, अध्यक्षांनी मान वर करून “कुणाचं काही?” असं विचारलं, आणि मला वाटलं दुसरं कुणीतरी बोलेल. ज्या विभागाचं मरण आहे त्याचे प्रभारी विभागप्रमुख समोर बसले होते, ते टेबलाकडे बघत होते. त्यांना निवृत्तीला आठ महिने आहेत. पाच-सहा सेकंद गेले असतील. मग पुढचा विषय. उपस्थितीच्या पत्रकावर माझी सही आहेच. म्हणजे ‘सर्वानुमते’ मध्ये मी आले. हजर.

सरांनी ते पेन उघडून थांबणं मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. हजर म्हणणं म्हणजे फक्त खुर्चीत असणं नव्हे, हे त्यांना माहीत होतं बहुतेक. मला आज कळलं, पन्नाशी ओलांडल्यावर.

आणखी एक. माझी भाची गेल्या वर्षी पदवीधर झाली. भूगोलात चांगले गुण होते. मला विचारायला आली, आत्या, एम.ए. करू का? मी तिला काय सांगितलं माहितीये? “बघ बाई, नोकऱ्यांचं काही खरं नाही, दुसरं काहीतरी कर.” तिने केलं. खूश आहे. त्या वर्षी विभागात तीन प्रवेश झाले होते. चौथा मी परत पाठवला. आता टिपणीतल्या तक्त्यात तो ‘३’ बघून मला राग कुणाचा आला, हे मीच ठरवू शकत नाहीये. तरी मी म्हणेन की पोरींनी आपल्या पोटाचा विचार करू नये असं सांगायचा अधिकार मला नाही. आणि विद्यापीठाने फक्त पोटाचाच विचार करावा, हेही मला पटत नाही. दोन्ही एकत्र कसं बसवायचं, तर नाही बसवता येत मला. फोटो दोन आहेत आणि डोंगर दिसत नाहीये.

चौथ्या दिवशी दिसला होता. सांगायचं राहिलंच. चौथ्या दिवशी मी वैतागून नुसतीच बघत बसले, काही शोधायचं सोडून दिलं, आणि एकदम तो कागदातून वर आला. इतका खरा, की मी हात पुढे केला शिखराला लावायला. सरांनी पुस्तक खाली ठेवलं. “दिसला?” म्हटलं, “हो सर.” मला वाटलं शाबासकी देतील. ते म्हणाले, “आता त्याच्या डावीकडचा ओढा बघ. कुठून निघतो सांग.”

सर आता नाहीत. बरंच झालं एका अर्थी.

आजच्या टिपणीला एक परिशिष्ट जोडलंय, प्रयोगशाळेतल्या साहित्याच्या विल्हेवाटीचं. डेडस्टॉक रजिस्टरवरून उतरवलेली यादी. प्लॅनिमीटर, रोटामीटर, ड्रॉइंग टेबलं, नकाशांची कपाटं. आणि ‘स्टिरिओस्कोप, नग ६, नादुरुस्त’. बैठक संपल्यावर मी सरळ विभागात गेले. शिपाईदादा ओळखीचे, त्यांनी कुलूप काढून दिलं. धूळ इतकी की बोटाने नाव लिहावं. फोटोंच्या जोड्या अजून त्याच खोक्यात आहेत, पाठीमागे सरांच्या अक्षरात क्रमांक. एकेक यंत्र खिडकीशी नेऊन लावलं. चष्म्यामुळे आधी काहीच जमेना, मग चष्मा काढला. शिपाईदादा दारात उभे होते. म्हणाले, “मॅडम, काय दिसतंय का?” म्हटलं, थांबा जरा. दहा मिनिटं तरी गेली असतील. ते थांबले.

नादुरुस्त नाहीत हो ती. कुणी डोळा लावून बघितलंच नाही.

इतिवृत्त कायम व्हायला पुढची बैठक आहे. तोवर ‘सर्वानुमते’ वर हरकत घेता येते. माझी असहमती नोंदवून घ्यावी असं पत्र आज रात्री लिहितेय, उद्या आवक-जावकला देऊन पोच घेणार. उशीर झालाय, माहीत आहे, त्यावर टोमणे मारू नका. त्यापेक्षा तुमच्यापैकी कुणी या विभागातून शिकलं असेल तर खाली साल लिहा आणि तुमच्या वर्गात किती जण होते ते लिहा. दोन असतील तर दोन लिहा, लाजू नका. ती यादी पत्राला जोडते.

आणि परिशिष्टातली ती ओळसुद्धा बदलून मागणार आहे. सहापैकी एकाचा आरसा तडकलाय. बाकी पाच चालू आहेत.