स्पष्ट बोल म्हणा, शुद्ध बोल नको

पोस्ट मोठी होणारे, आधीच सांगतो. घणसोली ते ठाणे ट्रान्सहार्बरमध्ये उभ्याने टाइप करतोय त्यामुळे शुद्धलेखन काढत बसू नका. तसा विषयही तोच आहे आज.

नाटकाच्या कोर्सचं माझं दुसरं वर्ष चालूय. आवाजाचा तास सकाळी साडेसातला. पहिला महिना काय केलं असेल, तर जमिनीवर उताणं पडून पोटावर जाडजूड पुस्तक ठेवायचं, श्वास घेतला की पुस्तक वर गेलं पाहिजे, सोडला की खाली, आणि छाती हलली की सर पायाने चटई हलवणार. घरी प्रॅक्टिस करताना आजीने बघितलं आणि विचारलं, याचे पैसे घेतात? मग लांब 'स्स्स' सोडायचा, घड्याळ लावून. मी 12 सेकंदांवर मरत होतो, आता 30 पर्यंत जातो. सगळ्यात येडा प्रकार म्हणजे ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ घालून गुणगुणत बुडबुडे काढणं. हसू येतं, पण काम करतं राव. पाण्यामुळे हवेचा थोडा दाब उलटा येतो आणि स्वरतंतू एकमेकांवर आपटायचे कमी होतात. पुरुष साधं बोलला तरी ते तंतू सेकंदाला शंभरेक वेळा एकमेकांना लागतात, मग स्टेजवर तासभर बोंबलल्यावर त्यांचं काय होत असेल विचार करा. एकांकिकांच्या सीझनमध्ये अर्ध्या कॉलेजचा घसा बसलेला असतो तो उगाच नाही. आणि घसा बसला की आपण कुजबुजतो ना आराम म्हणून, त्याने बऱ्याच जणांच्या घशावर उलट जास्त ताण येतो. हळू बोला नाहीतर गप्प बसा.

इथपर्यंत सगळं मस्त. सर शिकवतात पण भारी, त्यात वाद नाही.

लोचा झाला उच्चारांच्या तासाला. मी आगरी आहे. आमच्या घरात गाडीची 'गारी' होते, डोळ्याचा 'डोला', पाणी म्हणजे 'पानी'. शाळेत बऱ्यापैकी सुधारलेलो, तरी भरात आलो की जीभ गावाला जाते. मग सहा महिने ण, ळ, ड. चटईला टाचणी टोचली. दातात बूच धरून काकांनी काकूंच्या कामाचे कागद कापले. चार मधला च वेगळा, चाऱ्यातला वेगळा. हे सगळं मी मनापासून केलं, आज ण-ळ चोख येतात, आणि त्याचा फायदाच आहे, नटाला सगळे उच्चार आलेच पाहिजेत. सरांचं म्हणणंही तेच की उद्या तुला दुष्यंत मिळाला तर? बरोबर आहे. पण मग ठाण्याच्या नौपाड्यातल्या, घरी प्रमाण मराठी बोलणाऱ्या माझ्या मित्राला 'परला' (म्हणजे पडला) म्हणता आलं पाहिजे असं कोणी का नाही म्हणालं? त्याला उद्या आगरी शेतकरी मिळाला तर? ते शिकवायचं नसतं बहुतेक, त्याची नक्कल करायची असते.

त्याच टर्मला आम्हाला सामाजिक नाटकं होती. फुल्यांच्या तृतीय रत्नपासून सुरुवात. 1855 चं नाटक आहे, देवलांचं 'शारदा' नाटक यायला अजून 44 वर्षं होती. कुणबी नवरा-बायकोला जोशी कसा लुबाडतो त्याची गोष्ट. फुल्यांनी ते पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवलं आणि तिथे ते नाकारलं गेलं. वर्गात आम्ही हे वाचलं, फुले कसे लोकांच्या बोलीत लिहायचे यावर चर्चा केली, आणि लगेच वाचन करताना मी कुणब्याचा संवाद म्हटला तर ण दुरुस्त झाला माझा. कोणाला विचित्र वाटलं नाही. मलाही नाही, खरं सांगतो, रात्री घरी जाताना ऐरोलीच्या आसपास टाळकं सटकलं. नंतर जयंत पवारांचं अधांतर वाचलं, 82 च्या संपानंतर गिरणी कामगाराच्या घराची झालेली वाताहत, आणि वर्गातली वाचनं ऐकली असतीत तर वाटलं असतं की सगळं घर आकाशवाणीवर बातम्या द्यायला होतं.

आणि मग शांतता! कोर्ट चालू आहे. मला सामंत मिळाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुंबईची नाटक मंडळी एका गावात प्रयोगाला येतात, सामंत त्या गावातला साधा माणूस, हॉल दाखवायला आलेला. वेळ घालवायला ते खोटा खटला खेळतात, त्याला साक्षीदार करून उभा करतात, आणि हा बिचारा खिशातल्या कादंबरीतलं वाचून साक्ष देतो, तीच पुढे त्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेबाईंच्या अंगाशी येते. 1967 चं नाटक, पण हे लिहिताना तेंडुलकरांनी काय पकडलंय बघा, गावातल्याच्या तोंडात दुसऱ्याची वाक्यं घालायची आणि आपला गेम पुढे न्यायचा. तालमीत सूचना आली की सामंत 'तुझ्या भाषेत' कर, पब्लिक हसेल. म्हणजे कुणब्याच्या दुःखाला प्रमाण भाषा आणि हशा पाहिजे तेव्हा आगरी! टीव्हीवर पण हेच ना, आगरी बोलणारा आला की सोन्याची चेन, हळद आणि जोक. मी नाही केलं तसं. साध्या मराठीत केलं, हशा आला नाही, पण साक्ष संपल्यावर हॉल गप्प झाला होता.

आता मुद्द्याचं. यंदा आम्ही एकांकिका बसवतोय आजोबांच्या गोष्टीवर. 1970 नंतर नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली, भातशेती, मिठागरं सगळं गेलं. 1984 च्या जानेवारीत उरणकडे जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली ती त्यातूनच. आजोबा आंदोलनाचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे गेलेले तिकडे. ते एवढंच म्हणायचे, "गोली लागली नाय, पन आवाज अजून कानान हाय." हे वाक्य मी ण लावून म्हणू? एका स्पर्धेत आम्ही याचा छोटा भाग केला तर परीक्षक म्हणाले विषय चांगला पण भाषा पोचत नाही.

पोचत नाही हे मला झोंबलं, म्हणून आम्ही चेक केलं. कॉलेजच्या हॉलमध्ये मैत्रीण एकदम मागे दाराबाहेर उभी राहिली, जो शब्द कळला नाही तिथे हात वर. ती सोलापूरची, आगरीचा काही संबंध नाही. पंधरा मिनिटांत तिचा हात बावीस वेळा वर गेला. आणि एकदाही 'गारी'ला नाही, 'पानी'ला नाही. हात जात होता वाक्याच्या शेवटी! मराठीत क्रियापद शेवटी, आपण सुरुवातीला सगळी हवा उडवून टाकतो आणि शेपूट गिळतो. "आमी जमीन देनार नाय" मधला 'नाय' गेला की मागच्या रांगेतल्या माणसाला ऐकू येतं, आमी जमीन देनार. आख्खं आंदोलन उलटं! यासाठी ते पुस्तक होतं पोटावर, यासाठी 30 सेकंदांचा स्स्स, हे मला दीड वर्षाने कळलं. मग दोन आठवडे आम्ही फक्त श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा स्क्रिप्टवर केल्या, 'नाय'च्या आधी अर्धा श्वास राखून ठेवायचा. पुढच्या वेळी हात चार वेळा वर. बोलीतला एक शब्द बदलला नाही.

सरांना दाखवलं. सर थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले स्क्रिप्टची झेरॉक्स दे. बघू.

विषय सामाजिक आहे म्हणून ओरडायचं ही पण एक बिमारी आहे, त्यावर वेगळी पोस्ट टाकतो, गडकरी रंगायतनला एवढ्यात बघितलेल्या तीन एकांकिकांमध्ये मी कान धरून बसलेलो.

सध्या जास्त टेन्शन दुसरंच आहे. आजोबांच्या भावाचा रोल नौपाडावाल्याकडे आहे आणि त्याचा उच्चाराचा मास्तर मी. 'तो चिखलान परला' एवढं वाक्य आहे. काल ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर त्याने चाळीस वेळा म्हटलं, दर तिसऱ्या वेळी 'पडला' येतं, लोकं बघतात, एक काका तर थांबून म्हणाले कोण पडलं? त्याला आजपासून दातात बूच दिलंय.