सोने दिसलेच पाहिजे का? ओटो क्युन्झली यांच्या कामाविषयी

काळ्या रबराची एक साधी नळी, तिची दोन्ही टोके एकमेकांना जोडून केलेले कडे, आणि त्या कड्यावर एकाच जागी आलेला गोल फुगवटा. त्या फुगवट्याच्या आत सोन्याची गोळी आहे, असे कलाकार सांगतो. ती दिसत नाही. ती खरोखर सोन्याचीच आहे का, याची खातरजमा करायची तर रबर कापावे लागेल, आणि रबर कापले की सोने हाती लागेल, पण कलाकृती संपेल. ओटो क्युन्झली या स्विस कलाकाराने १९८० साली घडवलेल्या या कड्याचे नाव ‘गोल्ड माख्ट ब्लिंड’, म्हणजेच ‘सोने आंधळे करते’ असे आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नावाची धार अधिक जाणवते.

माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत दागिन्याविषयी इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कोणत्याही वस्तूने विचारलेला नाही. सराफाच्या पेढीवर आपला सगळा व्यवहार खात्री करून घेण्यावर चालतो. पूर्वी कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस बघत असत, आता हॉलमार्कचा शिक्का बघतात आणि वजनकाट्यावरचा आकडा वाचतात. क्युन्झलींच्या कड्यापुढे यातले काहीच चालत नाही. चारचौघांत मिरवण्याचा दागिन्याचा जो मोठा उपयोग, तोही येथे काढून घेतलेला आहे, कारण बघणाऱ्याला फक्त रबर दिसते. मग मागे उरते काय? करणाऱ्याने दिलेला शब्द, आणि त्या शब्दावर विश्वास ठेवून ते कडे मनगटात घालणारी व्यक्ती. दागिन्याचे मूळ काम हेच असावे, असे मला हे कडे प्रथम छायाचित्रात पाहिले तेव्हापासून वाटत आले आहे.

या माणसाला सोनारकाम जमत नव्हते म्हणून तो रबराकडे वळला, असा समज कोणी करून घेऊ नये. १९४८ साली झ्युरिकमध्ये जन्मलेल्या क्युन्झलींनी तेथेच या कामाचे रीतसर शिक्षण घेतले आणि नंतर म्युनिकच्या ललित कला अकादमीत हेरमान युंगर यांच्या हाताखाली ते शिकले. युंगर हे युद्धोत्तर जर्मनीतले फार मोठे सुवर्णकार होते. त्यांचे दागिने जलरंगातल्या चित्रांसारखे मोकळे असत. गुरूची ती शैली उचलून क्युन्झलींना सुखाने नाव कमावता आले असते. पण त्यांनी दागिन्यातले सगळे मोहक घटक एकेक करून बाजूला काढले आणि तरीही दागिना उरतो का, ते तपासले. १९७६ साली त्यांनी अंगावर साधे भौमितिक आकार लावून, पैसे टाकले की फोटो निघणाऱ्या यंत्रात स्वतःचे फोटो काढले. १९८० मध्ये पोलादाच्या दांडीने जोडलेल्या दोन अंगठ्या केल्या. ही अंगठी दोघांनी मिळूनच घालायची, आणि घातली की दोघांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर राहावे लागते. त्याहून दूर जाता येत नाही आणि जवळही येता येत नाही. लग्नाच्या नात्याविषयी इतके थोडक्यात बोलणारी वस्तू मला दुसरी माहीत नाही. पुढे थर्माकोलसारख्या हलक्या फोमच्या ठोकळ्यांवर घरातल्या भिंतीचा वॉलपेपर चिकटवून त्यांनी मोठमोठे ब्रोच, म्हणजे कपड्यावर लावायच्या पिना, केल्या. १९८४ च्या ‘सौंदर्य दालन’ या छायाचित्रमालेत स्त्रियांच्या गळ्यात चक्क तसबिरींच्या सोनेरी चौकटी घातल्या. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने सुंदर स्त्रियांची ३६ चित्रे काढून घेतली होती आणि ती आजही म्युनिकच्या निम्फेनबुर्ग राजवाड्यात टांगलेली आहेत, हा संदर्भ माहीत असला की त्या चौकटींचा रोख कोणाकडे आहे ते कळते. ही मालिका मला थोडी उघड वाटते. रबराच्या कड्यातला संयम तिच्यात नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करणारे त्यांचे काम मात्र १९८५-८६ मधले आहे. त्याचे नाव नुसते ‘साखळी’. क्युन्झलींनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांच्या वापरलेल्या लग्नाच्या अंगठ्या विकत घेतल्या आणि अशा ४८ अंगठ्या एकमेकींत ओवून गळ्यातली साखळी केली. युरोपात लग्नाच्या अंगठीच्या आतल्या बाजूस जोडीदाराचे नाव आणि तारीख कोरण्याची पद्धत आहे. म्हणजे या साखळीची प्रत्येक कडी एका संसाराची आहे. तो मृत्यूने संपला असेल, घटस्फोटाने मोडला असेल किंवा पैशांच्या अडचणीने ती अंगठी विकावी लागली असेल. वजन केले तर ते निव्वळ चांगले सोने आहे. तरीही ही साखळी गळ्यात घालण्याची कल्पनासुद्धा सहन होत नाही. सोने म्हणजे केवळ धातू असता, तर असे वाटण्याचे काहीच कारण नव्हते.

येथे मला आपल्याकडची ‘मोड’ आठवते. आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या करणे हा आपल्या घराघरांतला रिवाज आहे आणि तो मुळीच वाईट नाही. त्यात एक व्यवहार आहे आणि एक मायाही आहे. परंतु सोने मुशीत वितळते तेव्हा त्यावरची झीज, पोचे, कोरलेली अक्षरे सगळी जातात आणि पेढीच्या हिशेबात फक्त घट उरते. क्युन्झलींनी त्या अंगठ्या वितळवल्या असत्या, तर त्याच सोन्याची कोणालाही आवडेल अशी साखळी झाली असती. त्यांनी ते केले नाही, आणि सगळे काम त्या न करण्यात आहे. ज्यांना हा प्रकार ‘कोणीही करू शकेल’ असा वाटतो, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, हाताची करामत दाखवण्याची पूर्ण ताकद असताना ती आवरण्यासाठी फार मोठी समज लागते.

एक आक्षेप मात्र मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. सोन्याच्या मोहावर बोट ठेवणे झ्युरिक-म्युनिकच्या कलाकाराला परवडते. आपल्याकडे ज्या बाईच्या नावावर ना घर असते ना शेती, तिच्या हातात असलेली मालमत्ता म्हणजे तिच्या अंगावरचे दागिने. गहाण टाकलेल्या हातातल्या सोन्याच्या गोठांवर मुलांची शिक्षणे झाली आहेत. तिला कोणी ‘सोने आंधळे करते’ असे ऐकवू नये. पण क्युन्झलींचा राग सोन्यावर नाही, असे मला त्यांचे काम पाहून वाटते. त्यांनी ती गोळी फेकून दिलेली नाही. तिला मनगटाला चिकटवून, फक्त घालणाऱ्यालाच जाणवेल अशी ठेवली आहे. अडीअडचणीसाठी साठवलेले सोने आणि लोकांना दिसावे म्हणून घातलेले सोने यांत फरक आहे, आणि त्यांचा प्रश्न या दुसऱ्या सोन्याला आहे.

१९९१ साली युंगर यांच्याच जागी ते म्युनिकच्या अकादमीत प्राध्यापक झाले आणि २०१४ पर्यंत त्यांनी तेथे शिकवले. लिसा वॉकर, हेलन ब्रिटन, डेव्हिड बिलांडर ही त्यांच्या हाताखालून गेलेली दागिने घडवणारी कलाकार मंडळी. यांपैकी कोणाचेही काम क्युन्झलींसारखे दिसत नाही, आणि शिक्षक म्हणून याहून मोठी पावती मला सुचत नाही. २०१३ मध्ये म्युनिकच्या पिनाकोटेक देर मोडेर्न या संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले.

आपल्या बोरमाळेकडे पाहताना मला आता नेहमी हे कडे आठवते. लाखेच्या बोरमाळेत बाहेर सोन्याचा पातळ पत्रा असतो आणि आत लाख भरलेली असते, म्हणजे क्युन्झलींच्या कड्याच्या नेमके उलट. कमी सोन्यात भरघोस दिसणारा, हाताला भरीव लागणारा आणि पोचे न पडणारा मणी करणे ही केवढी बुद्धी आहे! तरीही मोडीच्या वेळी लाखेचे वजन वजा होते आणि त्या बुद्धीची किंमत शून्य धरली जाते. घडणावळ बहुधा ग्रॅममागे किंवा सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत लावतात. म्हणजे भाव वाढला की त्याच कामाची मजुरी पावतीवर आपोआप वाढते, मग ते काम कितीही सोपे असो की कितीही कठीण. त्या पावतीवर पेढीचे नाव ठळक असते, पण ठुशी गुंफणाऱ्या किंवा कोल्हापुरी साजाची पाने घडवणाऱ्या माणसाचे नाव कोठेही नसते. क्युन्झलींच्या रबरी कड्याची ओळख मात्र जगभर त्यांच्या नावाने आहे, आतल्या सोन्याच्या वजनाने नाही.

तुमच्या घरात असा एखादा जुना दागिना असेल, ज्याच्या कारागिराचे नाव अजून कोणाच्या तरी लक्षात आहे, तर दागिना कोणता, तो कोणत्या गावात घडला आणि घडवणारा कोण, हे येथे अवश्य लिहा.