‘फिल्टर लावलेली विडी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (निवृत्त होऊन बारा वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका.)

पाकीटबंद खाण्यातलं मीठ आणि चरबी कमी करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सदाशिव पेठेतून सणसणीत प्रतिक्रिया पाठवलीत : "कमी मिठाची शेव म्हणजे फिल्टर लावलेली विडी. खाऊ नका, असं सरळ सांगायला काय होतं? सरकार दर वर्षी नियम बदलतं, तुम्ही दर वर्षी लेख बदलता. आमच्या घरी हे असलं काही येतच नव्हतं." शिवाय लेखातल्या खारीच्या बेकरीचं नावही विचारलंत.

विडीचं वाक्य झकास आहे. पटलं मात्र नाही.

"खाऊ नका" हे सांगून झालंय हो. मी ज्या बेकरीत जाते तिथे पहाटे साडेपाचला मार्केटयार्डाकडे निघालेले हमाल, रिक्षावाले, सफाईला निघालेल्या बायका उभ्या असतात. चहात बुडवून दोन खाऱ्या, की दुपारपर्यंत चालतं. त्यांना मी नाचणीच्या सत्त्वाचं व्याख्यान देऊ? त्यापेक्षा त्या खारीत काय जातं ते बघावं, एवढाच माझा धंदा.

आणि ते बघणं सोपं नाही. खारीच्या पिठावर मार्गारीन (तेलापासून केलेली घट्ट चरबी) पसरून घडी घालतात, लाटतात, पुन्हा घडी. चरबी थरांमध्ये घट्ट टिकली तरच भट्टीत पदर सुटतात. जुनं बेकरीचं वनस्पती तूप हे काम चोख करायचं, पण तेल घट्ट करण्याच्या त्याच प्रक्रियेत ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक चरबी, तयार व्हायचं. सरकारने तेल-तुपातली त्याची मर्यादा 10 टक्क्यांवरून 5 वर आणली, 2021 मध्ये 3, आणि जानेवारी 2022 पासून 2. नवं मार्गारीन आलं. मे महिन्यातली दुपार, वर पत्रे, आत भट्टी. मार्गारीन वितळून पिठात मुरलं आणि खारीच्या जागी जाड बिस्किटं निघाली. भट्टीवरच्या उस्तादांनी एक हातात घेऊन टेबलावर आपटलं, मोडलंच नाही. "मॅडम, ह्याने खिळा ठोका." शेवटी पीठ बर्फाच्या पाण्यात मळायचं आणि घड्या पहाटेच्या गारव्यात घालायच्या, असं ठरलं. उस्तादांची झोप गेली, पदर परत आले.

आता तुमच्या बाजूचं. त्या नव्या मार्गारीनमध्ये पामतेलाचा भाग मोठा असतो. म्हणजे ट्रान्स फॅट गेलं, संपृक्त चरबी राहिली, आणि तीही जास्त झाली की हृदयाला बरी नव्हे. पाकिटावर ‘ट्रान्स फॅट 0’ टपोरं छापतात आणि मागची संपृक्त चरबीची ओळ मुंगीएवढी. एका कारखानदाराने तर मूठभर नाचणी घालून पुढे ‘मल्टिग्रेन’ लिहायचं म्हणून मला बोलावलं होतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिला मैदा, नाचणी पार मिठाच्या शेजारी. ती यादी मोठ्या अक्षरांत छापा म्हटल्यावर त्यांचा फोन यायचा बंद झाला. अशांना विडी म्हणा, माझी हरकत नाही.

पण मिठाचं वेगळं आहे. ते हळूहळू उतरवलं तर जिभेला पत्ता लागत नाही. ब्रिटनमध्ये पावापासून सगळ्या तयार खाण्यातलं मीठ असंच टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं, आणि माणशी रोजचं मीठ 2001 मध्ये साडेनऊ ग्रॅम होतं ते 2011 पर्यंत 8.1 वर आलं. लोकांना उपदेश करून एवढं उतरलं नसतं. आपल्याकडे चिवड्यात तर आणखी एक सोय आहे : मीठ वरून लागतं. ते पिठासारखं बारीक दळलं की जिभेवर पटकन विरघळतं, कमी टाकलं तरी तेवढंच खारट लागतं. हिशेब तुम्हीच करून बघा. पाकिटावर 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम असेल तर त्याला अडीचने गुणा, दोन ग्रॅम मीठ. चहाबरोबर 50 ग्रॅमची बशी संपली की दिवसाच्या पाच ग्रॅमांतला एक गेला. वरण, भाजी, लोणचं अजून यायचंय.

नियम बदलतात हे खरं, आणि त्याचा त्रास तुमच्यापेक्षा उस्तादांच्या मालकांना जास्त होतो. सप्टेंबर 2022 मध्ये पदार्थ आरोग्याला कितपत बरा ते दाखवणारे तारे पाकिटावर छापायचा मसुदा आला. मग 2024 मध्ये साखर, मीठ, संपृक्त चरबी ठळक अक्षरांत छापायचा प्रस्ताव. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटावरच्या या मजकुराबद्दल तीन महिन्यांत शिफारशी द्या म्हणून सांगितलं. छोटा माणूस छापील पाकिटांचे रोल एकदम मागवतो. कोणता मजकूर छापू, असं मला विचारतो. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये पाकीटबंद नमकीनचा जीएसटी 12 वरून 5 वर आला. चांगलं झालं, पण मीठ उतरवणाऱ्यालाही 5 आणि ओतणाऱ्यालाही 5. चिलीत 2016 पासून साखर-मीठ जास्त असलेल्या पाकिटावर इशारा म्हणून काळा अष्टकोन येतो. तो टाळायचा म्हणून तिथल्या कंपन्यांनी मुकाट्याने साखर-मीठ कमी केलं. आपल्याकडे तसं ठोस काही येईपर्यंत मी लेख बदलत राहणार, नाइलाज आहे.

"आमच्या घरी येत नव्हतं" याबद्दल एकच विचारते, भांडायला नाही. तुमच्या लहानपणी दिवाळीच्या चिरोट्यांना साटा कशाचा असायचा? आमच्याकडे पिवळ्या डब्यातल्या वनस्पतीचा, आणि तळणही त्यातच. आजी सोवळ्यात करायची, तरी ट्रान्स फॅट ते ट्रान्स फॅटच.

बेकरीचं नाव मात्र सांगणार नाही. तिथलं मीठ तीनदा उतरलंय आणि अजून एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही. तुम्हाला नाव कळलं, की पहिल्याच घासाला खारी अळणी लागेल.