हलणारा दात आणि घाईचा सल्ला

एक मेसेज सध्या खूप फिरतोय: ‘विशीत पायोरिया झाला तर तो आनुवंशिक असतो. गेलेलं हाड परत येत नाही, हिरडीची शस्त्रक्रिया म्हणजे पैसे पाण्यात. दात काढा, इम्प्लांट बसवा, कायमचे मोकळे व्हा.’ पायोरिया म्हणजे हिरड्यांचा असा आजार, ज्यात दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं; इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ. मी रोज हिरड्यांचेच रुग्ण तपासते. हा मेसेज वाचून वाचण्यासारखे दात काढून घेतले जातात, म्हणून लिहितेय.

‘हाड परत येत नाही.’ आपोआप येत नाही, हे खरं. खराब झालेली जागा नुसती साफ केली की हिरडीच्या वरच्या थराच्या पेशी सगळ्यांच्या आधी मुळावर उतरतात आणि जागा अडवून बसतात. दाताला हाडाशी बांधणारे तंतू तयार करणाऱ्या पेशी मागे राहतात. १९८२ मध्ये स्वीडनच्या नायमन आणि सहकाऱ्यांनी हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये एक पातळ पडदा ठेवला. हिरडीच्या पेशी अडल्या आणि मुळावर नवे तंतू धरले. आज पडद्याबरोबरच हाडाचा ग्राफ्ट (खड्ड्यात भरायचा हाडाचा चुरा किंवा तसाच पदार्थ) किंवा डुकराच्या वाढत्या दातांपासून मिळवलेल्या प्रथिनांचं जेल वापरतात.

मात्र हे प्रत्येक दाताला जमत नाही. हाड सपाट, सगळीकडून सारखं झिजलं असेल तर फारसं काही हाती लागत नाही. हाडात पडलेला खड्डा अरुंद, खोल आणि तीन बाजूंनी हाडाने वेढलेला असेल तर त्यात रक्ताची गुठळी टिकते, आणि भरून येण्याची सुरुवात तिथूनच होते. तरुणांमध्ये नेमकं हेच बऱ्याचदा दिसतं. पहिल्या दाढेशेजारी प्रोब (हिरडीची खोली मोजायची बारीक सळई) घातला की आठ मिलिमीटर आत जातो, हिरडी मात्र वरून जवळजवळ निरोगी. एक्स-रेत त्या दाढेभोवती हाड कमानीसारखं खाली गेलेलं असतं. उजवीकडे तसंच डावीकडे, आरशात पाहावं तसं.

‘पैसे पाण्यात.’ पहिल्याच भेटीत शस्त्रक्रिया उरकली तर जातीलही. आधी हिरडीखालची सफाई, गरज असेल तर अँटिबायोटिक, मग साधारण तीन महिन्यांनी फेरतपासणी. तेव्हाही खोल पॉकेट (हिरडी आणि दात यांच्यामधली फट) आणि त्याखाली हाडात तीन मिलिमीटर किंवा जास्त खोल खड्डा उरला असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार. सिगारेट सुटली नाही तर मी स्वतः नको म्हणते. धूम्रपानाने भरून येणं खूपच मंदावतं.

‘इम्प्लांट म्हणजे कायमचे मोकळे.’ हे मला सगळ्यात जास्त खुपतं. इम्प्लांट थेट हाडात रुततो. जबडा अजून वाढत असेल तर शेजारचे दात वाढीबरोबर सरकतात, इम्प्लांट जागीच राहतो आणि आखूड दिसू लागतो. शिवाय ज्यांचे दात पायोरियाने गेले, त्यांच्या इम्प्लांटभोवतीही हाड झिजण्याचा धोका जास्त. इटलीच्या कोर्तेलिनी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘काढायलाच हवेत’ अशा २५ दातांवर हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया केल्याचे निष्कर्ष मांडले. पाच वर्षांनी २३ दात जागेवर होते. रुग्ण निवडलेले होते, हात कसलेले होते आणि नंतरची देखभाल कडक होती. तेवढं सगळीकडे जमेलच असं नाही, पण ‘काढाच’ म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात घ्यायला हवा.

राहिलं ‘आनुवंशिक’. आजार घराण्यात चालतो, हे खरंच. म्हणूनच दात काढायची नाही, भावंडांना लवकर तपासायची घाई करा. पुढच्या भेटीला धाकट्याला बरोबर आणा; दुखत नसेल तरीही.