बोक्याचं पोट नाही, आधी शू बघा!

मांजर पाळणाऱ्या ओळखीच्यांचे मला जे फोन येतात त्यातला एक ठरलेला असतो. "अगं आमचा बोका सकाळपासून सारखा लिटरच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर लावतोय, शी होत नाहीये, एरंडेल देऊ का?" आणि हे विचारेपर्यंत घरातल्या कोणीतरी तूप चाटवून झालेलं असतं. माझं डोकं फिरतं हे ऐकून, खरंच सांगते. बोका असेल तर पहिला संशय शीचा नाही, शूचा घ्यायचा.

बोक्याची शूची नळी फार अरुंद असते. त्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की शू आतच तुंबते. मांजरीला हा त्रास क्वचित होतो कारण तिची नळी रुंद असते. तुंबलेल्या शूचा दाब किडनीवर येतो, रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, एकदोन दिवसांत मांजर जाऊ शकतं! म्हणजे "आज बघू, उद्या रविवार, सोमवारी नेऊ" याला इथे जागाच नाही. सारखं ट्रेमध्ये जाणं, थेंब थेंब येणं किंवा काहीच न येणं, ओरडणं, खालची जागा सतत चाटत बसणं, भलतीकडेच म्हणजे बाथरूमच्या जाळीवर नाहीतर बेसिनमध्ये बसून बघणं, ही लक्षणं. उलट्या आणि एकदम गळून जाणं हे नंतरचं, तोपर्यंत उशीर झालेला असतो. पोट दाबून बघायला जाऊ नका, फुगलेलं मूत्राशय फुटू शकतं. डॉक्टर भूल देऊन कॅथेटर (शू बाहेर काढायची बारीक नळी) घालतात, सलाईन लावतात, दोनतीन दिवस ॲडमिट ठेवावं लागतं. हे परत परतही होतं, म्हणून नंतर नुसत्या ड्राय फूडवर न ठेवता ओलं खाणं आणि पोटात जास्तीत जास्त पाणी जाईल असं बघायचं.

मुळात मांजर आजारपण चेहऱ्यावर दाखवत नाही. कुत्रा लंगडत येऊन पाय दाखवेल, हे कपाटामागे जाऊन बसेल. आणि "गुरगुरतंय म्हणजे खुशीत आहे" हेही काही खरं नाही, दुखत असलं तरी मांजरं गुरगुरतात. म्हणून मी ट्रे आणि वाटी बघते. म्हातारं मांजर अचानक जास्त पाणी पितंय, लिटरचे (ट्रेमधल्या मातीचे, शूने होणारे) गोळे मोठे व्हायला लागलेत, तर किडनी किंवा शुगर. भरपूर खातंय तरी हाडं लागतायत हाताला, तर थायरॉइड तपासून घ्या (आपल्याकडे "वय झालं आता" म्हणून हे सोडून देतात). जाडजूड मांजराने दोनतीन दिवस खाणं सोडलं तर लिव्हरमध्ये चरबी साठून कावीळ होते, त्यामुळे "उपाशी राहिलं तर बरंच आहे, बारीक होईल" हा विनोद करू नका प्लीज. शिंका, डोळ्यांना चिपडं आणि खाणं बंद म्हणजे बऱ्याचदा फ्लू असतो, नाक चोंदल्यामुळे वासच येत नाही म्हणून खात नाहीत, खाणं जरा कोमट करून दिलं तर वासाने तोंड लावतात.

पिल्लांचं वेगळं. लस न दिलेलं पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलंय पण पीत नाहीये, उलट्या होतायत, तर पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा व्हायरल आजार) असू शकतो, तासातासाने बिघडतं ते. यापासून वाचवणारी ट्रायकॅटची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस. घरातच असतं हो आमचं, बाहेर कुठे जातं, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या की हा व्हायरस तुमच्या चपलेवरून घरात येतो.

आणि क्रोसिन! माणसाची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, कारण ती पचवून बाहेर टाकायची सोय त्यांच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नाहीच. ताप असला तरी नाही, अर्धी नाही, पाव नाही. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध आणतो ना, त्यात परमेथ्रिन असेल तर तेही मांजराला नको. फरशीला फिनाईल लावत असाल तर तेवढं बंदच करा, पाय चाटून पोटात जातं.

तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर थांबायचं नाही, उचलायचं आणि निघायचं. गाढ झोपेत मिनिटाला चाळीसच्या वर श्वास जात असतील तरी त्याच दिवशी दाखवा.

एक काम आत्ताच करून ठेवा. आपल्या भागात रात्री कोण मांजर ॲडमिट करून घेतं, कॅथेटर कोण घालतं हे फोन करून विचारा, कारण बऱ्याच क्लिनिकमध्ये मुख्य पेशंट कुत्रेच असतात. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पण वसई नाहीतर बदलापूरहून रात्री दोन वाजता तिथे कसं जाणार याचाही विचार हवा. आणि घरी जे काय चाललंय त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरांच्या टेबलावर गेलं की ते असं गपगार बसतं की तेच म्हणतील, काय झालंय याला?